जनरेटरवाल्या जमीलचं फोल्डर

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. भूत असेलच तर त्यानं माझ्या स्टुडिओत यावं, पासपोर्ट साइजच्या आठ कॉप्या फुकट देतो — हे मी उमरखेडच्या बसस्टँडसमोर चहा पिता पिता शंभरदा बोललोय. दुसरंही आधीच सांगतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये माझ्या गाववाल्यांना त्रास नको : मी फेकतो. माझ्या फ्लॅशनं फुलसावंगीचा एक बैल आंधळा झाला, ही गोष्ट मीच पसरवलेली. तेव्हा "झाली याची सुरुवात" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण हे खालाचं प्रकरण आहे... यात मी मीठमसाला टाकत नाही.

खाला म्हणजे जैबूनखाला, जनरेटरवाल्या जमीलची आई. जमील लग्नात जनरेटर चालवायचा, मी फोटो काढायचो. आमच्याकडची लाइन अशी, की नवरीनं हार उचलला की गेलीच. त्यामुळे जिथं मी, तिथं जमील. पण कॅमेरा वळला की गडी खाली वाकून डिझेल पाहणार. "माह्या थोबाडानं तुही लेन्स तडकन, भाऊ," म्हणायचा.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली लग्नंही आटली. जी झाली ती दिवसाउजेडी, अंगणात, जनरेटरशिवाय. जमील एका सकाळी "काम पाहून येतो" म्हणून निघाला तो आलाच नाही. फोन बंद. पोलीस म्हणाले, फोटो आणा. घरात होती फक्त आधार कार्डाची झेरॉक्स — चेहऱ्याच्या जागी काळा गोळा. हवालदार म्हणाला, "मावशी, हा माणूस आहे का तवा?"

खाला तिथून सरळ माझ्याकडे आली. "बेटा, तू त इतक्या लग्नायचे फोटू काहाडले. एखाद्यात तरी असन ना रे माहं पोट्टं?"

"एखाद्यात? अवो खाला, हजारात असन!" मी छाती ठोकून बोललो.

त्याला कारण होतं. माझे सगळे फोटो ऑनलाइन होते आणि तिथं मी माझं स्वतःचं जुगाड बसवलं होतं. कार्ड लॅपटॉपला लावलं की फोटो आपोआप एका ठिकाणी चढायचे, तिथं चेहऱ्यांप्रमाणे वेगळे व्हायचे — नवरीचे नवरीकडे, नवरदेवाचे नवरदेवाकडे — आणि प्रत्येक ढिगाची कॉपी आणखी दोन साइटवर जायची. हात लावायचं काम नाही. हे पाहून मला अमेरिकेतून फोन आला होता, असं मी सांगतो... ते सोडा.

त्या जुगाडाला मी जमीलची झेरॉक्स दिली. म्हटलं, हा चेहरा शोध आणि सापडेल तो फोटो 'जमील' फोल्डरात टाक.

दुपारपर्यंत फोल्डर भरलं. उघडलं, तर एकाही फोटोत जमील नाही. जमीलच काय, मधोमध कोणीच नाही! पंगतीत माणसं दाटीवाटीनं बसलेली, मध्येच एक जागा मोकळी, समोर अर्धं खाल्लेलं ताट. मांडवात चार जण हसताहेत आणि एकाचा हात हवेत — कोणाच्या तरी खांद्यावर टाकावा तसा. फोटो माझेच. पण रिकाम्या जागेचे फोटो मी कशाला काढीन?

यवतमाळच्या एका कॉम्प्युटरवाल्या मित्राला फोन लावला. तो हसला. "काळा गोळा टाकला, कचरा निघाला. त्यात काय!" मलाही पटलं. खालाला तेच सांगणार, तोवर तिनं पंगतीतल्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं होतं.

"असाच बसते तो. एक पाय दुमडून."

मी फोटो मोठा करून पाहिला. जागा मोकळीच.

हवालदाराला हे काय दाखवणार? पण फोल्डर मी चालू ठेवलं. पुढं मारेगावच्या एका लग्नाचे फोटो चढवले, तर त्यातला एक आपोआप जमीलकडे गेला. हळदीच्या गर्दीत माणसाएवढी फट. आणि जमील तर तेव्हा कधीचाच निघून गेला होता! खाला दुसऱ्या दिवशी एसटीत बसली. मारेगाव म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक. दारोदार विचारून आली. कोणी पाहिला नव्हता. तरी तोंडावर उजेड. "फिरून राह्यलं न पोट्टं," म्हणाली. "लग्नात गेलतं म्हणजे जेवलं त असन."

असे आणखी दोन-तीन फोटो आले. मग बंद. लग्नसराई आली, मी लग्नामागून लग्न चढवत होतो, फोल्डरात काही पडेना. खाला यायची, स्टुलावर टेकायची. "आलं काय रे?" "नाही वो खाला." हळूहळू तिचं जेवण सुटलं. दंडावरच्या बांगड्या मनगटावर उतरल्या.

शेवटी मी मला जमतं तेच केलं. पुसदच्या एका लग्नातला फोटो निवडला — एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची, शेजारी कुजबुजणाऱ्या दोन बाया — आणि माझ्या हातानं फोल्डरात टाकला. खाला दारात दिसली तसा ओरडलो, "खाला, आलं! पुसदले गेलतं तुमचं पोट्टं!"

तिनं चष्मा लावला. खूप वेळ पाहिलं.

"हा जमील नाही."

"कसा नाही? मशीननं टाकला न!"

"नाही बेटा. हा लहान आहे अजून." तिनं पदरानं स्क्रीन पुसली, एखाद्या लेकराचं तोंड पुसावं तशी. "याले काहाडून ठेव आपल्यातून. याची माय धुंडून राह्यली असन."

मी तो काढला. डिलीट करायला मात्र हात धजला नाही. बिननावाच्या एका फोल्डरात ठेवलाय. जमील आलेला नाही. खाला अजून येते. मित्राकडे या सगळ्याचं उत्तर असेलही, माझ्याकडे नाही. पुसदच्या त्या मांडवात शेकड्यानं खुर्च्या रिकाम्या होत्या... मी हीच का उचलली, एवढंही मला सांगता येत नाही.