प्रवीणचे स्थळ

माझ्यासाठी आजवर आलेल्या पाहुण्यांपैकी आईला सर्वाधिक पसंत पडलेला माणूस कर्जवसुलीला आला होता.

प्रकरणाचे मूळ माझ्या नव्या मोबाइल नंबरात होते. तो नंबर माझ्याआधी प्रवीण नावाच्या कुणा गृहस्थाकडे होता आणि त्याने दुचाकीच्या कर्जाचे हप्ते व हा नंबर, दोन्ही एकदमच सोडून दिले होते. (दुचाकी मात्र सोडलेली नव्हती.) परिणामी वसुली एजन्सीचा फोन रोज मला येऊ लागला.

“प्रवीणला फोन द्या.”

“इथे कोणी प्रवीण नाही. हा नंबर आता माझा आहे.”

“सगळे असंच म्हणतात, मॅडम.”

“सगळे म्हणत असतील, तर निदान काहींचं खरं असण्याची शक्यता आहे की नाही?”

“तुम्ही त्याच्या मिसेस का?”

“नाही!”

“मग त्याच्याबद्दल एवढी माहिती कशी तुम्हाला?”

“तुम्हीच रोज सांगता म्हणून!”

नंबर बदलून टाकणे हा साधा उपाय होता, पण तो मला परवडणारा नव्हता. निर्यातीच्या द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अंश किती उरले आहेत, हे तपासणाऱ्या नाशिकच्या एका प्रयोगशाळेत मी काम करत होते आणि याच विषयात पीएचडी करण्यासाठी बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेकडे अर्ज केला होता. त्या अर्जावर हाच नंबर होता. मुलाखतीचे बोलावणे कोणत्याही क्षणी येणार, म्हणून प्रत्येक अनोळखी फोन मी पहिल्याच रिंगला उचलत असे आणि प्रत्येक वेळी पलीकडून प्रवीणची विचारपूस होत असे.

अखेर मी शास्त्रीय मार्ग स्वीकारला. पुरावा दिला की वाद संपतो, अशी माझी श्रद्धा होती. (श्रद्धा हाच अचूक शब्द आहे.) सिमकार्डाची पावती, आधारकार्ड आणि घराचे वीजबिल जोडून मी एजन्सीला मुद्देसूद ईमेल पाठवला. तोवर त्यांच्यापाशी फक्त नंबर होता. पत्ता मी पुरवला! मखमलाबाद, मळ्याचा रस्ता, गुलाबाच्या शेडशेजारचे घर. उत्तर तत्परतेने आले : “सहकार्याबद्दल आभार.”

यथावकाश मुलाखतीचेही बोलावणे आले. शनिवारी सकाळी, व्हिडिओवर. घरात मी सक्त ताकीद दिली : कोणी वरच्या मजल्यावर यायचे नाही, मिक्सर लावायचा नाही, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गुलाबाच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलायचे नाही. (अण्णांचा फोनवरचा आवाज व्यापाऱ्याला फोनविनाही ऐकू जातो.)

घराचे लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे लागलेले होते. सिन्नरच्या सुमनआत्याने माझ्यासाठी येवल्याचे एक स्थळ सुचवले होते. मुलाचे नाव फक्त मध्यस्थालाच माहीत होते. आत्याला एवढेच ठाऊक होते की त्या बाजूचा कोणीतरी येऊन जाणार. आमच्याकडे मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाआधी मुलाकडचा एखादा माणूस न कळवता येतो आणि घर, माणसे, मळा नजरेखालून घालून जातो. अशा माणसाला ‘तुम्ही कोण’ असे विचारायचे नसते. आपल्याला काहीच कळलेले नाही, असा चेहरा ठेवून त्याला भरपूर खाऊ घालायचे असते. हा चेहरा ठेवण्यासाठी आत्या दोन दिवस आधीच मुक्कामाला आली होती.

शनिवारी मी वर मुलाखत समितीपुढे बसले आणि खाली शेजारच्या काकूंचा फोन आला, “आलाय गं! हेल्मेट हातात हाय. माणसं कशी हायेत, मळा स्वतःचा हाय का, समदं इचारतोय!”

पुढचा वृत्तान्त आई, आत्या आणि अण्णा यांनी मला स्वतंत्रपणे सांगितला. तिन्ही साक्षींत जुळणारा भाग तेवढा देते.

“प्रवीणविषयी बोलायचं होतं,” पाहुणा म्हणाला.

मुलाचे नाव कळले! आत्याने आईला कोपराने ढोसले.

“बोला की. आधी पोहे घ्या,” आई म्हणाली.

“तुमच्या मुलीचा आणि प्रवीणचा संबंध काय?”

“अजून तर काही नाय. देवाच्या मनात असलं तर जुळंल.”

“पोरगा कामाला कुठंय?” आत्याने विचारले.

“तेच तर कळत नाय ना, मावशी. एका जागी टिकतच नाय तो.”

आईचा चेहरा उतरला. आत्या मात्र भारावली. “लय खरा माणूस हाय,” ती आईच्या कानात कुजबुजली, “दुसरा असता तर म्यानेजर हाय म्हणला असता!”

“पण त्याची जबाबदारी कोण घेणार?” पाहुण्याने मुद्द्याला हात घातला.

“अवो, एकदा जुळलं की प्रवीण आमचाच!” आत्या म्हणाली.

पाहुणा क्षणभर थक्क झाला. त्याच्या नोकरीत आजवर कोणी आपणहून जबाबदारी घेतलेली नसावी. त्याने आणखी पोहे मागून घेतले आणि प्रसन्नपणे म्हणाला, “मग रकमेचं आजच मिटवून टाका. साहेबांशी बोलून थोडी कमी करून देतो.”

कोपऱ्यात बसलेल्या अण्णांनी मान वर केली. “कसली रक्कम?”

“कसली म्हणजे? द्यावी तर लागंलच ना, काका.”

अण्णा उभे राहिले.

वर त्याच क्षणी समितीच्या अध्यक्षांनी मला विचारले होते, “नमुन्यात बाहेरचा घटक मिसळला, तर तो कसा ओळखाल?” मी उत्तरासाठी तोंड उघडले आणि खालून बाहेरचा घटक आला :

“प्रवीणला जाऊन सांगा! हुंडा मागणाऱ्याच्या दारात आमची पोर पाय ठेवणार नाय! तिला पायजे तेवढं शिकवीन, पण एक रुपया देणार नाय!”

“अहो काका, एक रुपया नाय कसं? निदान एक हप्ता तरी—”

“हुंडा! आन त्यो बी हप्त्यानं?”

समितीची क्षमा मागून, माइक बंद करून (असे मला वाटले) मी जिना उतरले. खाली अण्णांनी पाहुण्याचे हेल्मेट जप्त केलेले होते, आत्या “नीट बोला, पाहुणे हायेत” म्हणत होती आणि पाहुणा पोह्यांची बशी छातीशी धरून भिंतीला टेकला होता. त्याचा आवाज मी तत्काळ ओळखला. तो मला रोज फोनवर ऐकू येत होता.

“हे स्थळाचे नाहीत!” मी ओरडले. “वसुलीवाले आहेत! दुसऱ्याच कुणाच्या कर्जासाठी आलेत!”

 आईने सुटकेचा निःश्वास टाकला. “म्हंजी हुंडा नव्हते मागत? उगाच वरडलात बिचाऱ्यावर.”

“तुम्हाला माझा ईमेल मिळाला नव्हता का?” मी त्याला विचारले.

“मिळाला ना, मॅडम.”

“मग वाचला नाहीत?”

“पत्ता वाचला.”

 मग आईकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, “मी कशाला हुंडा मागू, मावशी? माझंच जमत नाय. काय काम करतो सांगितलं की मुलीकडचे दार लावून घेतात.”

“अरं, मंग मळा किती हाय तुमचा?” आत्याने तत्परतेने विचारले. “भाऊ किती? आई स्वभावाला कशी?”

प्रश्न विचारण्याची सवय असलेल्या त्या माणसाला उत्तरे देण्याची मुळीच सवय नव्हती. त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला, “इथं प्रवीण नाय. पक्की खात्री केली. हा नंबर काढून टाका यादीतून, परत पाठवू नका कुणाला!” मग हेल्मेट मागून घेऊन तो निघाला. जे माझ्या पुराव्यांना जमले नाही, ते आत्याच्या चौकशीने साधले. त्यानंतर एजन्सीचा एकही फोन आला नाही. (येवल्याचा खरा माणूसही आला नाही. तो बहुधा फाटकापर्यंत येऊन, अण्णांचा आवाज ऐकून परत गेला असावा.)

मी धावत वर गेले. पीएचडी तर गेलीच, निदान निरोप तरी नीट घ्यावा, असा विचार होता. पडद्यावर समितीचे सर्व चेहरे कॅमेऱ्याला चिकटलेले होते. माइक सुरूच होता! सदस्यांपैकी एक बाई मराठी निघाल्या आणि इतरांना इंग्रजीत भाषांतर करून सांगत होत्या. मी बसले तेव्हा त्या ‘हप्त्यानं’पाशी अडल्या होत्या.

“मग काय झालं पुढे?” त्यांनी विचारले.

मी सर्व सांगितले. त्या मुलाखतीतले माझे एवढेच उत्तर समितीने न अडवता शेवटपर्यंत ऐकून घेतले.

माझी निवड झाली. निवडपत्रात कारण दिलेले नव्हते. मी ते माझ्या संशोधन आराखड्यात शोधते. अण्णा स्वतःच्या आवाजात. निष्पक्षपणे सांगायचे तर पुरावा अण्णांच्याच बाजूचा आहे, कारण रुजू झाल्याच्या दिवशी अध्यक्षांनी माझा हात हातात घेऊन अत्यंत आदराने विचारले, “वडील नाही आले?”