काळवीट, घोंगडी आणि सासऱ्यांची बंदूक

माझ्या सासऱ्यांनी माझ्यावर बंदूक एकदाच रोखली, आणि त्यात त्यांची काहीही चूक नव्हती.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं. मी अकोल्यात नवा नवा वकील होतो आणि जठारपेठेतल्या आमच्या बिऱ्हाडात पक्षकारांपेक्षा डासच जास्त येत. ज्या थोरल्या वकिलांच्या हाताखाली मी शिकत होतो, त्यांनी होळीच्या सुटीपुरता आपला तिपाईवरचा कॅमेरा मला दिला. देताना म्हणाले, "भिंगाला चरा पडला तर पुन्हा कोर्टात दिसू नका." (ते हसतील म्हणून मी थोडा वेळ थांबलो. हसले नाहीत.)

माझी सासुरवाडी तिवशाजवळच्या एका खेड्यात. सासऱ्यांचा संत्र्यांचा बगीचा, भाजीपाला आणि पलीकडे नाल्यापर्यंत हरभरा. त्या हरभऱ्यात काळविटांचा कळप येतो हे ऐकलं आणि मी भरल्या घरात जाहीर करून टाकलं, "मी काळविटाचा फोटो काढणार!"

"फोटो?" सासरे म्हणाले. "त्यायनं माया अर्धा हरभरा खाल्ला, अन् तुमी त्यायचा फोटो काढून राहिले?"

सासूबाईंची बातमी आणखी वाईट होती. "जवाईबापू, नाल्याकडे जाऊ नोका. अस्वल फिरून राह्यलं तिकडे. परवा एका गुराख्याचं डोकं सोललं म्हणते त्यानं!"

"सोललं म्हणजे?"

"संत्र सोलते ना, तसं."

(मी त्या वेळी संत्रंच सोलत होतो. ते तसंच ताटलीत ठेवलं.)

बेत तिथेच रद्द झाला असता. पण माझी बायको यमुना सगळ्यांसमोर अगदी मायेनं म्हणाली, "भेव वाटत असन तर राहू द्या जी." झालं! आता अस्वलानं सोललं असतं तरी चाललं असतं, पण माघार शक्य नव्हती.

फोटो काढण्याच्या पुस्तकात लिहिलं होतं, 'उजेड भरपूर हवा.' म्हणून मी भर दुपार निवडली. मग लक्षात आलं, की कॅमेऱ्यामागे डोक्यावर घ्यायचं काळं कापड अकोल्यालाच राहिलं. यमुनेनं सासऱ्यांची काळी घोंगडी आणून दिली. लोकर बाहेर लोंबत होती आणि वास असा, की मेंढरू अजून आतच असावं. पांढरं धोतर जनावरांना दुरून दिसतं, म्हणून मी ती डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत ओढून घेतली. पाचोळा वाजू नये म्हणून जोडे काढले. उरले फक्त यमुनेनं विणलेले हिरवे मोजे.

घरी सांगून गेलो होतो, की बांधावरच्या बोरीखाली बसेन. पण तिथून ऊन थेट भिंगात शिरत होतं. म्हणून मी तिपाईसकट सरकत सरकत नाल्याच्या काठावर आलो. नको तिथेच!

कळप समोर बाभळीखाली उभा होता. निदान मी घोंगडीत शिरेपर्यंत तरी होता. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं. वर जमीन, खाली आभाळ, आणि मधे बाभळीच्या फांद्या, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, मोडकी बैलबंडी आणि एक बुजगावणं. उन्हानं सगळं चुन्यासारखं पांढरं झालेलं. बऱ्याच कष्टानं मी एका काळविटाची शिंगं साधली. किती डौलदार! किती स्थिर! मग त्या शिंगावर एक होला येऊन बसला. ती फांदी होती.

घामानं डोळे चुरचुरत होते. मागे नाल्यात काहीतरी खसखसलं. मी श्वास रोखला. मानेवर गरम लागतंय ते ऊन, की कुणाचा श्वास? वळून पाहायची हिंमत होईना. डोक्यावर हात फिरवून पाहिला. अजून जागेवर होतं.

आणि तेवढ्यात सासूबाईंची किंकाळी आली.

"अवो माय वो! अस्वल! अस्वल!"

माझ्यासाठी भाकरी घेऊन यमुना, सासूबाई आणि मेहुणा सीताराम येत होते. अस्वलाच्या भीतीनं सोबत सासरे, खांद्यावर ठासणीची बंदूक. त्यांना नाल्याच्या काठी एक काळा केसाळ ढिगारा हलताना दिसला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं, की अस्वल आलंय, आणि ते माझ्या मागे आहे!

मी माणसांच्या आवाजाकडे धावत सुटलो. संकटात माणूस सासऱ्यांकडेच धावतो. (हे विधान फक्त या प्रसंगापुरतं.) घोंगडी बाभळीच्या काट्यांनी धोतराला अशी शिवली गेली होती की निघेना. "मामाजी, वाचवा!" असं मी ओरडलो, पण तोंडात लोकर गेली आणि बाहेर नुसती गुरगुर आली.

ते पळाले. ते पळतात म्हणजे अस्वल जवळ आलं असणार, म्हणून मी जोरात धावलो. मी जोरात धावलो म्हणून ते आणखी जोरात पळाले!

सासूबाई ढेकळात अडखळून पडल्या. तसे सासरे गर्रकन फिरले, त्यांच्यापुढे आडवे उभे राहिले आणि ओरडले, "सीताराम, बाजूले हो!" बंदुकीचा घोडा चढल्याचा खटका मला घोंगडीतही स्वच्छ ऐकू आला. आता ते मागच्या अस्वलावर बार टाकणार आणि मधे मी! मी जिवाच्या आकांतानं जमिनीवर लोळण घेतली. दोन्ही पाय वर.

"आबा, थांबा!" यमुना किंचाळली. "अस्वलाच्या पायात मोजे कावून?"

"आँ?"

"माया हातचे हायेत ते! एक लांब, एक आखूड! आबा, बंदूक खाली करा, ते हे हायेत!"

मी घोंगडीतून डोकं काढलं तर सासरे मातीत बसलेले. बंदूक बाजूला पडलेली. मला वाटलं, आता शिव्या बसतील. पण ते माझ्याकडे पाहत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"जवाईबापू," ते म्हणाले, "आज मी माया हातानं माया लेकीचं कुंकू पुसलं असतं."

यमुनेनं माझ्या दंडाला धरलं, ते घरी पोचेपर्यंत सोडायचं नाही अशा बेतानं. शेवटी सासूबाईच उठल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, "भाकर थंडी होऊन राह्यली. अस्वलालेही वाढा."

मग सगळेच हसले, जरा रडल्यासारखेच.

इतक्यात सीतारामनं मला डिवचलं. "भाऊजी, ते पाहा!"

गोंधळानं उधळलेला कळप दूर जाऊन थांबला होता. एकटं एक काळवीट मात्र बाभळीमागून मोकळ्यात आलं होतं. काळीभोर पाठ, पांढरं पोट, पिळदार शिंगं, आणि नजर थेट आमच्यावर. असा तमाशा त्यानंही कधी पाहिला नसावा! मी रांगत कॅमेऱ्यापर्यंत गेलो. यमुना रांगत माझ्या मागे, दंड धरूनच. फोटो उमटवायची काच बसवली आणि रबरी फुगा दाबला. खट्! काळवीट एका उडीत दिसेनासं झालं.

"आला?" सासऱ्यांनी विचारलं.

"आला!" मी म्हणालो. सगळ्या भीतीचं सोनं झालं होतं.

अकोल्याला परतल्यावर यमुनेला मुद्दाम बरोबर घेऊन मी काच धुवायला दिली. फोटोवाल्यानं ती बाहेर आणून खिडकीशी धरली. आरपार, स्वच्छ, कोरी.

"वकीलसाहेब," तो अदबीनं म्हणाला, "काचेपुढचं झाकण ओढायचं राहिलं तुमच्याकडून. या काचेवर उजेड पडलाच नाही."

मी मोठ्या आशेनं यमुनेकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला होता.

"त्या काचेले कावून बोल लावता, भाऊ?" ती म्हणाली. "लगन झाल्यापासून पाहून राहिली मी, यायनं अजून कोठीच उजेड पाडला नाही!"