कडेवरची रायफल

देवानं माणसाला दोन हात दिले, पण त्यातला खरा एकच आणि तो डावा, असं ठामपणे मानणारा माणूस साऱ्या मावळात एकच होता, आणि तो नेमका माझ्या नशिबी चुलतसासरा म्हणून आला. गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणत असे. उजव्या हाताविषयी त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "उजवा नुसता मिरवतो. जेवतो त्यो, सलाम ठोकतो त्यो, बंदुकीचा घोडा वढतो त्यो. आन् तेवढा येळ वजन कोन पेलतं? डावा! पन त्येला कुनी इचारतं का?" असं ते विचारत, आणि विचारताना आपल्या डाव्या हाताकडे घरातल्या अबोल, गुणी पुतण्याकडे पाहावं तसं मायेनं पाहत.

या भक्तीचं मूळ पलटणीत होतं. पहिल्या महायुद्धात आबा आगबोटीत बसून बसऱ्याकडे गेले. तिकडून येताना कुणी घड्याळ आणलं, कुणी गालिचा आणला, बऱ्याच जणांनी हिवताप आणला. आबांनी एक सिद्धांत आणला. रायफल खांद्याला लावताना डावा हात कुठं ठेवायचा हे सांगून कळत नाही, ज्याचं त्यानं शोधायचं असतं, असा तो सिद्धांत. नाईक झाल्यावर नवे रंगरूट त्यांच्या हवाली होत. आबा त्यांना डोळे मिटायला लावत आणि रायफल तीनदा उचलून खांद्याला लावायला सांगत. तिन्ही वेळा डावा हात आपसूक जिथं जाऊन टेकेल तिथं लाकडावर तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचं बोट ओढत आणि जाहीर करत, "ह्ये तुज्या हाताचं घर. हितनं हलायचं न्हाई." कुणाचं घर पुढं, कुणाचं मागं. आखूड हाताच्या माणसाला लांब हाताच्या माणसाचं घर दिलं तर तो दोन गोळ्यांत दमतो, हे ते वहाणेच्या मापाचा दाखला देऊन पटवत. आणि धरायचं कसं, तर गरम भाताचं ताट धरतात तसं. सुटता कामा नये आणि आवळताही येऊ नये. वरचे अधिकारी सगळ्यांचे हात एका रेषेत हवेत म्हणून ओरडत. आबा 'जी हुजूर' म्हणत, आणि ते पाठमोरे झाले की पुन्हा चुन्याची डबी काढत.

पेन्शन घेऊन ते आंदर मावळातल्या आमच्या गावी परतले, पण गावात रंगरूट नव्हते, म्हणून सगळ्या जगालाच त्यांनी रंगरूट करून टाकलं. न्हाव्याचा वस्तरा ते कधी पाहत नसत. हनुवटी धरणारा डावा हात कसा आहे ते पाहत, आणि तो पसंत पडला नाही तर अर्धी दाढी झालेली असली तरी उठून येत. एकदा तसे ते तीन दिवस हिंडले. भजनाला बसले की सगळ्यांचं लक्ष बुवांच्या तोंडाकडे आणि आबांचं पखवाजाच्या डाव्या अंगाकडे. आंघोळीआधी तेल लावायचं तर आधी डाव्या तळव्याला. चालताना छत्री, कंदील, बाजाराची पिशवी, सगळं उजव्या हातात. डावा मोकळा, कारण त्याला उगाच दमवायचं नाही. लोणावळ्याच्या बाजारात छत्री घ्यायला गेले तेव्हा त्यांनी दुकानातली एकूणएक छत्री खांद्याला लावून, डावा हात पुढंमागं सरकवून पाहिली. दुकानात आलेली गिऱ्हाइकं खाली वाकून बाहेर पडली. शेट हात जोडून म्हणाला, "आबा, ही पावसात धरायची असते." त्यावर आबा शांतपणे म्हणाले, "धरायची असती ना? मंग धरूनच बगतोय."

मला पाहायला आले तेव्हाची गोष्ट तर आमच्या तळेगावच्या घरी वर्षानुवर्षं सांगितली जाई. बाकीच्यांनी नाव विचारलं, वाचायला लावलं, चालून दाखव म्हणाले. आबा म्हणाले, "पोरी, डावा हात दाव." वडिलांना वाटलं, पाहुणे हात बघणारे आहेत, म्हणून ते लगबगीनं आतून पत्रिका घेऊन आले. आबांना रेषांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी काठोकाठ भरलेला तांब्या माझ्या तळव्यावर ठेवला आणि मिशा कुरवाळत बसून राहिले. पाणी सांडलं नाही. "हात बसल्याला हाय," ते म्हणाले, आणि माझं लग्न ठरलं. नवऱ्या मुलाला कुणी काही विचारलं की नाही, मला शंकाच आहे.

नवरा लोणावळ्याला रेल्वेत होता. खोली मिळेपर्यंत मी गावीच राहिले, आणि आबांचा एक नवाच प्रकार पाहिला. त्यांच्याकडे एका वेळी एकच गोळी घेणारी जुनी रायफल होती आणि तिचा परवाना पिकाच्या राखणीसाठी होता. भाद्रपद सरता आंबेमोहोर भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर यायच्या, दाण्यात दूध भरायचं, आणि डोंगरातून रानडुकरं उतरायची. एक कळप एका फेरीत कुणाचंही वर्षाचं पोट तुडवून जाई. आमच्या चार वाड्यांत मिळून बंदूक ती एकच. आबा मारत फारसे नसत, पण त्यांचा एक बार झाला की कळप आठवडाभर खिंडीपलीकडे राही. गाव त्यांचे सगळे चाळे सोसे ते उगाच नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि सरकारला बंदुकांची आठवण झाली. हुकूम आला की परवानेवाल्यांनी दिवाळीआधी वडगावला प्रांतसाहेबांपुढं बंदुकीसह हजर व्हावं. ज्याला ती धड पेलवत नाही त्याची जमा करून घेतली जाईल. त्याच वर्षी आबांचा डावा हात कापायला लागला होता. ज्या हातावर त्यांनी आयुष्यभर प्रवचनं दिली तोच हात. चहाची बशी वाजायची. आम्ही ऐकलं नाही असं दाखवायचो.

रोज सकाळी ते पडवीत उभे राहून रायफल खांद्याला लावत, आणि नळीचं टोक समोरचा अख्खा डोंगर हिंडून येई. हात पुढं नेला, मागं आणला. तळव्यावर घेतली, बोटांवर घेतली. लाकडाला फडकं गुंडाळलं, मनगटाला करदोटा बांधला. चुन्याच्या रेघांनी ते लाकूड पोरांच्या पाटीसारखं झालं. खाली ठेवताना ते डाव्या हाताला पुटपुटत काहीतरी म्हणत. शिव्या असाव्यात, पण ऐकायला विनवणी वाटे. मला फार वाईट वाटायचं, पण सुनेनं काय बोलायचं?

एका सकाळी मी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. माझी थोरली दहा महिन्यांची, अंगानं चांगली भरलेली, डाव्या कडेवर होती. आबांनी रायफल खाली घेतली.

"सूनबाई, किती येळ झाला पोर घिऊन हुबी हाईस?"

"पहाटेपासनं, आबा. खाली ठेवली की रडते."

"हात न्हाई भरून येत?"

"हातावर कुठं आहे ती? कमरेवर आहे. कोपर अंगाला टेकलंय, हात नुसता आडवा धरलाय."

आबांनी रायफल भिंतीला टेकवली. "फिर बरं जरा." मी पदर सावरून फिरले. बैल पारखावा तसे ते माझ्याभोवती एक चक्कर मारून आले, कोपर पाहिलं, बाहेर काढलेली कंबर पाहिली, आणि एकदम तोंड वळवून म्हणाले, "ह्ये बायकांचं धरनं. पलटनीत आसं धरलं तर सारी पलटन हासंल." माझ्या तोंडून निघून गेलं, "पण आबा, हात आपलं घर आपण शोधतो असं तुम्हीच म्हणता ना?" ते तडक शेतावर निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन, दुसरीकडे बघत, म्हणाले, "ती पोर दे हिकडं."

पुढचे आठ दिवस गावानं जे पाहिलं ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पांढऱ्या झुपकेदार मिशांचा नाईक लेकराला कडेवर घेऊन वाड्यावाड्यांतून फिरतोय. मधेच थांबतोय, डोळे मिटतोय, कंबर डावीकडे काढतोय, कोपर कुठं टेकतंय ते चाचपतोय. विहिरीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आबा, आता दूध बी पाजा!" आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पोर मात्र खूश होती. तिला मिशा ओढायला मिळत.

नवव्या दिवशी त्यांनी मला पडवीत बोलावलं. डावी कंबर पुढं काढली, कोपर कमरेच्या हाडावर रोवलं, मुठीवर रायफल घेतली, घोड्याच्या अगदी जवळ, जिथं कुणी सैनिक हात ठेवणार नाही तिथं. नळी डोंगरावर जाऊन थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. हात कापत होता, मला दिसत होता, पण ते कापणं कमरेत जाऊन जिरत होतं. आबांनी बऱ्याच वेळानं ती खाली घेतली. डोळे भरले होते. "ऊन लागतंय," म्हणाले. ऊन त्यांच्या पाठीशी होतं.

वडगावला मीही गेले, कारण पोरीला देवीची लस टोचायची होती. बैलगाडीनं गेलो, तळेगावला माहेरी मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीच्या ओट्यावर बसले असताना आतून आबांचं नाव पुकारलं. दार उघडंच होतं. आबांनी कंबर काढली, कोपर रोवलं. शिपाई फिसकन हसला, "बाईमाणसावानी धरलीय की!" साहेब हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि काटा पुरा एक फेरा घेईपर्यंत आबांना तसंच उभं ठेवलं. नळी जागची हलली नाही. साहेबांनी सही केली आणि कौतुकानं विचारलं, "ही पद्धत नवीन दिसते. कुठं शिकलात?"

आबांनी शिपायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पलटनीत, साहेब."

मला काही वाटलं नाही. खरंच नाही. परवाना मिळाला, गावचा भात वाचला, याचाच आनंद मोठा होता. पण गाडीत आबा पाठ फिरवून बसले. कान्हे गेलं, टाकवे गेलं. ओढ्यावर बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरले आणि चाकाला हात धरून उभे राहिले.

"सूनबाई, म्या खोटं बोललो."

"असू द्या हो, आबा. काय फरक पडतो?"

"पडतो. त्यो शिपाई हासला आन् मला लाज वाटली. ज्येनं शिकीवलं त्येचं नाव न्हाई घेतलं तर कसलं शिकनं?" आणि गाडीवानाला म्हणाले, "तुमी जा म्होरं. पोरीला ताप यायचा." ते रायफल खांद्याला अडकवून, आलो होतो त्या वाटेनं परत चालायला लागले. मी हाका मारल्या. लस टोचलेलं लेकरू मांडीवर रडत होतं, उतरता येईना. परवाना गेला तर, हे त्यांच्या मनात आलं नसेल असं नाही. माझ्या तर तेवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परतले तेव्हा पाय सुजलेले आणि चेहरा उजळलेला. साहेब पुढच्या मुक्कामाला निघून गेले होते. कचेरीत एक कारकून होता. तो म्हणाला, "आबा, परवाना झाला ना? मग आता काय राहिलं?" आबा म्हणाले, "चूक दुरुस्त करायची हाय," आणि बाकावर बसून राहिले. कचेरी बंद करायची वेळ झाली तरी उठेनात, तेव्हा त्यानं दप्तर काढलं आणि मोडीत एक ओळ लिहिली. आबांना अक्षरओळख सहीपुरती, म्हणून त्यानं ती वाचून दाखवली. येताना सगळ्या वाटेनं त्यांनी ती घोकली होती. पाणी प्यायच्या आधी उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी मला ती म्हणून दाखवली: "बंदूक धरण्याची ही रीत अर्जदारास त्याचे सुनेने दाखविली असे." मी पाय धुवायला पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि चुलीशी उभी राहून पोटभर रडले.

पुढं तीन वर्षं आबांनी भात राखला. चौथ्या वर्षी उजवाही हात कापू लागला तेव्हा त्यांनी स्वतःच जाऊन रायफल जमा केली, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. मी लोणावळ्याला बिऱ्हाड केलं, शाळेत मास्तरीण झाले. शाळेच्या कामासाठी वडगावच्या त्या कचेरीत कितीतरी वेळा जाणं झालं. मोडी मला वाचता येत होती. एकदा ओळख निघाली तेव्हा तिथले कारकून आपण होऊन म्हणालेही, "बाई, जुनी दप्तरं माळ्यावर आहेत. बघायचंय का काही?"

त्या वेळच्या कारकुनानं खरोखर लिहिलं होतं, की थकल्याभागल्या म्हाताऱ्याची समजूत काढायला कोऱ्या कागदावरून काहीतरी वाचून दाखवलं होतं, मला माहीत नाही. आबा पुन्हा चार कोस मागं चालत गेले ते त्या एका ओळीसाठी, आणि ती तिथं नसलीच तर? मी "नको, नको" म्हटलं, शाळेचे कागद पिशवीत घातले आणि गाडी गाठायची घाई आहे असं सांगून बाहेर आले. गाडीला अजून तासभर होता.