आप पैदल?

छातीत पहिली कळ आली तेव्हा डॉक्टरांनी आमच्या ह्यांना सांगितलं, सिगारेट सोडा, वनस्पती तूप बंद करा आणि ऑफिसला रोज पायी जा. सिगारेट आणि तूप मी घरात सांभाळलं. चालणं मात्र लखनौच्या हातात होतं.

अलीगंजातल्या आमच्या घरापासून ह्यांची औषध-संशोधनाची प्रयोगशाळा चालायला सोयीची होती. पण ओळखीच्या माणसाला पायी जाऊ देणं या शहरात असभ्यपणाचं. चौक यायच्या आतच कुणीतरी स्कूटर थांबवायचं.

"अरे साहब, आप पैदल? बैठिए, बैठिए."

हे नको म्हणाले की समोरचा चेहरा पाडायचा. "हमारी स्कूटर इस लायक नहीं?" मग हे बसायचे. सोलापुरात वाढलेला माणूस; तिथे नको म्हणजे नको. इथे येऊन नकार द्यायचं विसरला आणि त्यालाच तहजीब म्हणू लागला.

"अहो, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणावं सरळ."

"आणि विभागप्रमुखाची जागा? छातीचं कळलं तर दुसऱ्याला देतील. एकदा नेमणूक होऊ दे, मग बघ कसा चालतो ते."

नेमणूक झाली. जागेबरोबर गाडी आली, ड्रायव्हर आला. पहिल्या सकाळी हे हट्टाने पायी निघाले, तर गाडी गोगलगायीसारखी मागोमाग. घोडा पळून गेलेली वरातच ती. शेजारीण फाटकातून ओरडली, "भाभीजी, भाईसाहब की नई गाड़ी अभी से खराब?" दुसऱ्या दिवसापासून हे गाडीत बसले.

त्या वर्षी संस्थेत हृदयरोग टाळण्यावर ह्यांचंच व्याख्यान झालं. समई, हार, शाल. रोज चालण्याचं महत्त्व हे फार छान बोलले. नंतर गरम कचोऱ्या आल्या. प्रमुख पाहुण्यांनी आग्रह केला. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं?

थंडीत ऑफिसच्या जिन्यावरच हे गेले.

शोकसभेला न्यायला तीच गाडी दारात आली. ती मी परत पाठवली आणि पायी निघाले. चौकात ह्यांच्या विभागातल्या एकाने स्कूटर थांबवली.

"भाभीजी, आप पैदल? लोग क्या कहेंगे? बैठिए."

"नको," मी म्हणाले.

त्याला मराठी येत नव्हतं, तरी कळलं. मान हलवून तो निघून गेला. त्याचा काही अपमान झालेला मला दिसला नाही.