आबांचं नाव यादीत होतं

जळगावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, एक लॅमिनेशनचं मशीन. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, जे काही सरकारला कागदावर नको असतं आणि माणसाला मोबाइलवर जमत नसतं, ते सगळं माझ्याकडे येतं. निवडणूक आली की यादीत नाव शोधून द्यायचं काम वाढतं. गेल्या विधानसभेला मी गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घराला यादीतला नंबर आणि शाळेतली खोली काढून दिली. एकाच माणसाला खोटं सांगितलं. तो माणूस माझा बाप.

मी स्वतः मतदानाचा नाद सोडला होता. आधीच्या खेपेला मोठ्या हौसेने एकाला मत दिलं होतं. का, तर दुसऱ्याला पाडायचं होतं. आमचा माणूस निवडून आला, त्याने गुलाल उधळला, आणि पुढे ज्याला पाडलं त्याच्याच मांडीला मांडी लावून बसला. मग तो पक्षच फुटला. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि गाड्यांवरचे झेंडे रातोरात बदललेले. उडदामाजी काळे-गोरे निवडायला मी किराणावाला नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो आणि लोक हसायचे. खुर्चीत बसून पुढाऱ्यांना शिव्या देण्याइतकं सोपं काम नाही. त्यात आपण फार हुशार असल्यासारखं वाटतं.

आई गेल्यापासून आबा माझ्याकडे असतात. आमचं गाव शिरपूरच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. शेत वाट्याने दिलंय, घराला कुलूप आहे. राशनकार्ड, गॅस, बँक, सगळं मी जळगावला आणलं, पण मतदार यादीतलं नाव आबांनी हलवू दिलं नाही. म्हणून दर निवडणुकीला त्यांना घेऊन चोपडामार्गे शिरपूर, तिथून काळी-पिवळी जीपने गाव, अशी माझी वरात निघायची. पुढाऱ्यांबद्दल त्यांचंही मत काही माझ्याहून बरं नव्हतं. ‘कोनी बी निवडी येवो, खातस ते बठ्ठाच,’ खाणारे सगळेच, असं ते आपल्या अहिराणीत म्हणायचे. पण त्या दिवशी सुरतेला कामाला गेलेली पोरं गावात येतात. शाळेच्या खोलीत यादीवर पट्टी ठेवून कोणीतरी तुमचं नाव बापाच्या नावासकट मोठ्याने वाचतं. मत देऊन झालं की आबा संध्याकाळपर्यंत शाळेसमोरच्या ओट्यावर बसत आणि येणारा-जाणारा त्यांना रामराम करी. जळगावात ते दुकानदाराचे वडील होते, तिथे ते आबा होते. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त गर्दीची एसटी आणि बंद दुकान दिसायचं.

मतदानाला चार दिवस असताना आबांनी दुकानात येऊन मतदार कार्ड माझ्यापुढे ठेवलं. “मनं नाव देख रे. खोली तीच शे का बदली गई?”

मी नंबर टाकला. पडद्यावर सगळं आलं. त्यांचं नाव, आजोबांचं नाव, वय, जिल्हा परिषदेची शाळा, खोली दोन. दुकानात तीन माणसं थांबलेली, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला, आणि मनात एकच विचार, की एका मतासाठी दोन दिवस कोण घालवणार, आणि तेही कुणासाठी? आबांना शेजारच्या खुर्चीवरून पडदा नुसता उजेडासारखा दिसतो. मी म्हणालो, “आबा, नाव नाही दिसत यादीत.”

“पुन्हा देख.”

मी पुन्हा पाहिल्यासारखं केलं. “नाही. कटलं असेल.”

मला वाटलं होतं चिडतील, सरकारला दोन शिव्या देतील आणि विषय संपेल. ते चिडले नाहीत. कार्ड उलटसुलट करून पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे मी मरी गऊ का?”

माणूस मेला की नाव काढतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. मी घाईने म्हणालो, “तसं नाही, कॉम्प्युटरचा घोळ असतो.” पण घरी जाऊन ते जेवले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं, ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. गावातले माझे चुलतकाका, आबांचे चुलतभाऊ, लहानपणापासूनचे जोडीदार. यादीची तपासणी करायला अंगणवाडीची बाई येते ती त्यांच्याच ओट्यावर बसते आणि कोण मेलं, कोण गाव सोडून गेलं ते त्यांनाच विचारते. आबांनी दुकानात बसूनच त्यांना फोन लावला आणि माझ्यादेखत ओरडले, “तूच मनं नाव काटं! आजून मी जिता शे रे!” आणि काकांना एक शब्दही बोलू न देता फोन बंद केला.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण ‘आबा, मीच खोटं बोललो’ हे वाक्य आदल्या दिवशी जेवढं जड होतं, त्याच्या दुप्पट जड झालं होतं. मी चहा मागवला. आजही त्या चहाची लाज वाटते.

मतदानाच्या दिवशी दुकान उघडंच होतं. ऐनवेळी नंबर शोधणाऱ्यांची रांग होती. दुपारी बाराच्या सुमाराला शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आबांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. काकांचा आवाज दुकानभर पसरला.

“भाऊ, तुमनं नाव तं शे! मी सोता देखं. खोली दोन. मी तुमनं नाव काबर काटसू? या ना लवकर, सहा वाजापावत शे!”

रांगेतली माणसं माझ्याकडे पाहायला लागली. पुढच्या दोघांच्या हातात मी नुकत्याच काढून दिलेल्या चिठ्ठ्या होत्या. आबांनीही माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. त्यांना कळायला वेळ लागलाच नसणार, कारण मी मान खाली घातली होती. मी वाट पाहत होतो, की आता चारचौघांत खरडपट्टी निघते माझी. मला ती हवीही होती.

ते फोनमध्ये म्हणाले, “मनीच चूक व्हयनी रे. चस्मा नव्हता, नीट दिखनं नही. उगाच तुले बोलनू मी.”

“मंग या ना!”

“गुडघा धरी बठेल शे. नही येस मी.”

फोन बंद झाल्यावर मी खुर्चीवरून उठलो. म्हणालो, “आबा, चला. गाडी सांगतो. अजून वेळ आहे, पोचतो आपण.”

“राहू दे,” ते हळूच म्हणाले. “आते त्याले काय सांगसू?”

खरंच, काय सांगणार होते? माझं खोटं झाकायला त्यांनी स्वतः खोटं सांगितलं होतं, आणि आता ते निभवायला बसून राहणं भाग होतं. त्यांचा गुडघा त्या दिवशी ठणठणीत होता. पाचला मी गुपचूप दोन गल्ल्या सोडून माझ्या केंद्रावर गेलो आणि मत देऊन आलो. कोणाला दिलं याला काही अर्थ नव्हता. बटण दाबताना मला उमेदवार दिसत नव्हते. शाई लागलेलं बोट मी आठ दिवस आबांपासून लपवत होतो, आणि माझं काम तर दहा बोटांनी करायचं.

आबा मला काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

महिनाभराने एका सकाळी ते दुकानात आले, ते कार्ड, आधार आणि दोन फोटो घेऊनच. म्हणाले, “मनं नाव आठे आनी टाक. दरवखत तुले तरास.”

जळगावच्या यादीत नको, मी म्हणालो. पुढच्या वेळी नक्की नेईन, शपथ घेतो, म्हणालो. त्यांनी फोटो टेबलावर सरकवले. मग मी फॉर्म उघडला. पत्ता बदलण्याचं कारण, जुना मतदारसंघ, नवा मतदारसंघ. नवीन जागी नाव आलं की जुन्या यादीतून ते काढलं जातं, हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगतो. त्यांना सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं. मी एकेक रकाना मोठ्याने वाचत भरत गेलो, आणि आबा ऐकत राहिले.

शेवटचं बटण दाबायच्या आधी त्यांनी माझ्या मनगटाला हात लावून मला थांबवलं. पलीकडे एक कॉलेजची मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला थांबली होती. तिला ओळखत नव्हते ते. तिच्याकडे वळून म्हणाले, “बेटा, आठे काय लिखेल शे, ते जरा मले वाची दखाड.”

मुलगी वाकून वाचायला लागली. सगळं बरोबर होतं. तरी तिचं वाचून होईपर्यंत मी कीबोर्डवरून नजर वर केली नाही.