कमठाण्याच्या विहिरीतले ठोके

"वाजायलंय सायेब! जिता हाय माजा भाऊ!" मल्लाप्पा विहिरीतल्या उघड्या दगडाला कान लावून ओरडला.

सकाळी कमठाणा गावातल्या सरकारी विहिरीची डावी कड कोसळली आणि तळाशी खणणारा त्याचा धाकटा भाऊ शिवप्पा गाडला गेला. तेव्हा आम्ही हैदराबाद स्टेटात. मी नवाकोरा ओव्हरसीअर. उजवीकडच्या उघड्या दगडाला पहारीचं टोक टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला. ठक, ठक, ठक. मग शांत. पुन्हा ठक, ठक, ठक.

सूर्याचा उजेड, रेडिओच्या लहरी रिकाम्या पोकळीतूनही येतात. आवाजाचं तसं नाही. त्याला धरून चालायला काहीतरी लागतं. दगडातून तो हवेपेक्षा कितीतरी वेगानं जातो, लांबवर टिकतो. भुसभुशीत मातीत मात्र जिरतो. मजुरांना मीच शिकवलं होतं, "अडकलात तर मातीवर ठोकू नका, दगड शोधा."

"कुठं खणताय?" इंजिनिअरसाहेबांनी काठावरून विचारलं.

"उजवीकडे सर. आवाज तिथं क्लिअर आहे."

मल्लाप्पानं माझा हात धरला. "न्हाई सायेब, त्यो डावीकडं हुता. म्या सोता बगितलंय."

"मग तिकडं कान लाव की! येतंय काही?"

तिकडं नुसती माती. काही येत नव्हतं. "मला शिकवू नकोस," मी म्हणालो. काय माज होता त्या डिप्लोम्याचा!

तीन तास उजवीकडे खणलं. ठोके तिनाचे दोन झाले, दोनाचा एक. दुपारी तोही थांबला.

"कामून थांबला ओ?" मल्लाप्पा विचारत राहिला. मी पहारीला कान लावून बसलो.

शेवटी साहेबांनी डावीकडे खणायला लावलं. चार हातांवर शिवप्पा सापडला. आडव्या पडलेल्या फळीखालच्या पोकळीत, गार झालेला. हातात हातोडी, आणि हातोडीखाली दगड. तोच दगड मातीखालून सलग उजवीकडे गेला होता. त्याचे ठोके दगड धरून पलीकडे, जिथं दगड उघडा होता तिथं निघाले. मी तिथं खणत बसलो.

त्याची बायको गंगव्वा काठावर होती. कुणीतरी तिला हातोडीचं सांगितलं. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुमी सांगितलं तसंच केलं की ओ त्यानं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढं नोकरीभर, कुठंही कड ढासळली की मी पहार बाजूला ठेवायचो. आधी सोबतच्या माणसाला विचारायचो, "तो शेवटचा कुठं दिसला होता?"