नाना आणि अक्कलकुव्याची दुसरी प्रत

३१ मे, शुक्रवार. नंदुरबार कार्यालय, दुपारी चार. हजर: संस्थेचे प्रमुख सर, अक्कलकुव्याच्या केंद्रातून एसटीने आलेल्या वसावेबाई आणि मी. आमचे संगणक सांभाळणारे नाना स्वतःच्याच निरोपसमारंभाला वीस मिनिटं उशिरा आले. मी त्यांच्या नावापुढे ‘उशीर’ लिहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्याविरुद्ध माझ्या हाती लागलेली ती एकमेव नोंद.

नानांनी कधी यादी केली नाही. सगळं डोक्यात, आणि डोक्यातलं चुकायचं नाही. मी वीस वर्षं याद्यांवर कार्यालय चालवते, पण कोणाचं काही अडलं की माणूस माझं टेबल ओलांडून पुढे जायचा आणि विचारायचा, “नाना शे का?”

आमची संस्था सातपुड्यातल्या म्हाताऱ्यांच्या जबान्या आवाजात नोंदवते: कोणतं शेत कोणी, केव्हापासून कसलं. वनजमिनीच्या दाव्यांत त्या उपयोगी पडतात. सांगणारे बरेचजण आता नाहीत. फाईल गेली तर परत विचारायला कोणी नाही. म्हणून ठरलं, की नंदुरबारच्या स्टोरेजमधलं सगळं अक्कलकुव्यातही असावं. इथे बदल झाला की पाच मिनिटांत तिथेही आपोआप व्हावा. दोन्हीकडे डिस्कच्या पेट्यांचा एकेक संच, मध्ये इंटरनेटची बारीक लाईन. या रेप्लिकेशनच्या कामाची मी पंधरा कलमांची यादी केली. नानांनी ती वाचली आणि घडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवली.

पहिली प्रत त्या लाईनवरून जायला महिने लागले असते. नानांनी ती डिस्कवर उतरवली, डिस्क गोधडीत गुंडाळल्या आणि अक्कलकुव्यापर्यंत एसटीत मांडीवर धरून नेल्या. नंतर फक्त रोजचे बदल लाईनवरून जाऊ लागले. हे माझ्या यादीत नव्हतं. असायला हवं होतं.

काम झालं, पडद्यावर हिरवा दिवा लागला, मी टेबलाखालून यादी ओढून शेवटची खूण केली आणि परत सरकवली. नाना मात्र फोनवर. त्यांनी वसावेबाईंना तिकडची एक फाईल वाजवायला सांगितली आणि विचारलं, कोण बोलतंय. बाईंचं माहेर डोंगरातलं. आवाजावरून माणूस ओळखायच्या. म्हणाल्या, ही आमच्या शेजारची म्हातारी, खोकते ती. तेव्हा कुठे नाना उठले. “हिरवा दिवा देखीसन काय व्हस, ताई? आवाज कोनी आयका?” मग दर सोमवारी एक फाईल, हा त्यांचा नेमच झाला. बाईही त्या फोनची वाट बघायच्या. मला बाईंनी कामाशिवाय कधी फोन केला नाही.

माझ्या यादीतली एक ओळ मीच खोडली होती: अक्कलकुव्यात रोज संध्याकाळची स्थिती जशीच्या तशी गोठवून ठेवणे, नंतरचे बदल तिला न लावता. जागा फुकट जाते, असं माझं मत. खोडलेली ओळ नानांनीही वाचली होती.

मागच्या पावसाळ्यात मी साफसफाई काढली. एकाच नावाचे दोन फोल्डर दिसले. दुबार समजून एक पुसला. आमच्याकडे एका नावाचे दोन पाडे असतात, एक डोंगरावर, एक खाली, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाच मिनिटांत रेप्लिकेशनने तिकडचाही इमानाने पुसला. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला: वरच्या पाड्याचं एकही माणूस सापडत नाही. बेचाळीस जबान्या. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, अक्कलकुव्याची गोठवलेली एक संध्याकाळ उघडली आणि बेचाळीसच्या बेचाळीस परत आणल्या. खोडलेली ओळ ते रोज गुपचूप पाळत होते.

सर आले, विचारलं, कोणी पुसलं. मी तोंड उघडेपर्यंत नाना म्हणाले, “मन्हाकडथीन पुसाई गयं, सर.”

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, खोटं का बोललात. ते म्हणाले, तुमचं नाव लागलं तर उद्यापासून तुमची यादी कोणी वाचणार नाही, आणि यादी तर लागतेच.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. निरोपाच्या दिवशी सर म्हणाले, चूक कशी कबूल करावी हे नानांकडून शिकावं. वसावेबाईंनी डोळे पुसले. टाळ्यांत माझ्या टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या. माझ्या हातून झालेली चूक, तीही त्यांच्या नावावर जमा.

नाना आता विसरवाडीला बहिणीकडे राहतात. जाताना म्हणाले, “सोमवार सोडू नका, ताई.” सोडलेला नाही. मी फाईल सांगते, वसावेबाई वाजवतात आणि नाव सांगतात. मग विचारतात, नाना कसे आहेत.

पंधरा कलमांची ती यादी टेबलाखालून काढून मी सरळ केली. सगळ्या चौकोनांत खुणा आहेत; खोडलेल्या ओळीपुढची मी आत्ता केली. त्याखाली सोळावं कलम लिहिलं: फोल्डर कोणी पुसला, ते सरांना सांगणे. चौकोन रिकामा आहे.